पाटलाच्या पोराची घंटा

मी जातीचा ओतारी. महाराजांच्या राज्यात कोल्हापुरात उद्योगशाळा निघाली आणि मला तिथं पितळेचं ओतकाम शिकवायला नेमलं, तेव्हा वाटलं, आपलं भाग्य फळफळलं. कसलं काय! वर्गात बारा पोरं, आणि एकालाही भट्टीशी देणंघेणं नव्हतं. कुणी इंग्रजी शाळेत नापास झालेलं, कुणाला चुलत्यानं घरात कटकट नको म्हणून इकडं ढकललेलं.

त्यातलं सगळ्यात आडमुठं पोरगं गडहिंग्लजकडच्या एका पाटलाचं. बाप स्वतः सोडायला आला होता. वर्गाच्या दारातच म्हणाला, "मास्तर, हे हातचं गेलंय बघा. मारा, झोडा, पर कामाला लावा. हितनं काढलासा तर माझ्या घरात त्याला जागा न्हाय." सोळा-सतरा वर्षांचं ते पोरगं शेजारीच उभं होतं. त्यानं मान वर केली नाही.

पहिले दोन महिने ते भिंतीला टेकून, हाताची घडी घालून बसलं. साच्याची माती मळ म्हटलं की म्हणायचं, "मी काय ओतारी हाय व्हय?" माझ्या तोंडावर! माझं डोकं असं तापायचं की काय सांगू. कान पिळले, दिवस दिवस उभं केलं, चारचौघांत वाट्टेल ते बोललो. ढिम्म! उलट त्याचं बघून बाकीचीही बिघडायला लागली. शेवटी शाळेच्या मुख्य साहेबांनी मला बोलावून घेतलं. म्हणाले, "दिवाळीपर्यंत त्याच्या हातून एक तरी वस्तू होऊ दे. नाहीतर त्याचं नाव काढतो."

बापाचं बोलणं माझ्या कानात होतं. एक दिवस मीच थकून त्याच्याजवळ बसलो. "अरे बाबा, तुला करायचं तरी काय हाय?"

 मग म्हणालं, "आमच्या गावच्या देवळातली घंटा फुटलीया. बाप नुसता म्हणतोय, नवी आणू, नवी आणू."

"मग तू ओत की!"

त्यानं पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलं. ती नजर आजही माझ्या डोळ्यांपुढं येते. मी गप्प बसलो असतो तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवसापासून पोरगं माझ्या आधी शाळेत हजर. माती मळली, चाळली, साचा बांधला, दोनदा मोडला, तिसऱ्यांदा जमवला. साचा भाजताना भट्टीपुढनं हललं नाही. त्याचं बघून बाकीच्यांनीही बाह्या सरसावल्या. मी घरी बायकोला म्हणालो, "बघ, पाटलाचं पोरगं ओतारी केलं!" केवढी घमेंड होती मला.

खंडेनवमीला वर्गातल्या हत्यारांची पूजा झाली. चिमटे, हातोडे, कानशी, सगळ्यांवर पाणी शिंपडलं, हळदकुंकू वाहिलं. मी नारळ फोडून घरी गेलो. भाजलेल्या साच्याला पाणी लागू द्यायचं नसतं, हे आमच्यात कुणी कुणाला सांगत नाही. आत ओल राहिली की वरनं ओतलेला पितळेचा रस वाफेनं उसळून बाहेर येतो. आमची पोरं रांगत असल्यापासून हे बघतात. हे पाटलाच्या पोराला कोण दाखवणार होतं? माझ्या ते डोक्यातच आलं नाही.

माझ्या मागं त्यानं, हे मला नंतर कळलं, साच्यालाही कुंकू लावलं, अंबाबाईच्या देवळातनं तीर्थ आणलं आणि पळीपळीनं साच्याच्या आत सोडलं. देवाची घंटा, तिच्यात तीर्थ मुरावं, एवढीच त्याची भावना.

दसरा झाला, वर्ग भरला. साच्यावरचं कुंकू पाणी लागल्यासारखं ओघळलेलं मला दिसलं. देवाशपथ सांगतो, दिसलं. ओतण्याआधी साचा पुन्हा शेकायचा, हा आमचा नेम. पण पोरगं म्हणालं, "मास्तर, मी चांगला भाजलाय की." मला वाटलं, आता शंका घेतली तर बिचारं हिरमुसेल. इतक्या महिन्यांनी कुठं वळणावर आलेलं. मी वितळलेल्या पितळेची मूस उचलली आणि ओतायला लागलो. घंटा भरताना बघायला ते साच्यावर वाकलं.

आवाज मोठा नव्हता. त्याची किंकाळी मात्र सगळ्या शाळेनं ऐकली.

चार दिवसांनी मुख्य साहेब दवाखान्यात आले. पोराच्या डोळ्यांवर पट्ट्या होत्या. नजर गेली, हे डॉक्टरांनी आम्हाला बाहेरच सांगितलं होतं. साहेबांनी माझ्याकडं बघत विचारलं, "साच्यात पाणी जाऊ द्यायचं नाही, हे पोरांना शिकवलं होतं?"

 खाटेवरनं उत्तर आलं, "शिकीवलं हुतं की, साहेब. माझ्याच ध्यानात ऱ्हायलं न्हाय."

साहेबांनी ते लिहून घेतलं. मी खाली बघत उभा राहिलो. आठवड्याच्या आत बेपर्वाईबद्दल त्याचं नाव निघालं. माझी नोकरी राहिली.

बाप न्यायला आला. ज्याला घरात जागा नव्हती, त्याला आता धरून न्यावं लागणार होतं. जाताना बापानं मला हात जोडले. "तुमी तरी काय करणार, मास्तर? पोरगंच तसलं."

पोरगं बापाच्या खांद्यावर हात ठेवून उभं होतं. मी काय म्हणतो ते ऐकायला त्यानं मान माझ्याकडं वळवली.

मी म्हणालो, "व्हय."