एका शब्दाची सून

माझ्या सुनेला एकच शब्द धड बोलता यायचा, अन् तो म्हणजे मी. हसू नका, खरं सांगायलेय.

मी छबूबाई, राणीसावरगावची. थोरली म्हणून भावंडं मला अक्का म्हणायची, त्यांचं ऐकून पोटचा आसाराम बी आई सोडून अक्काच म्हणायला लागला. ह्या आसारामला इकडं पोरगी मिळंना. पस्तिशी उलटली. ऊसतोडीला जातो म्हणलं की पाव्हणे चहा न पिताच उठायचे. मग एका मधल्या माणसानं विजापुराच्या पल्याडची ही पोरगी आणली. लग्नात तिच्याकडून एक भाऊ तेवढा उभा होता. नाव तिचं यल्लव्वा, आमी राणी ठेवलं. गावाच्या नावातच राणी हाय, आणखी कुठं हुडकत बसायचं?

घरात आली त्या दिवशी आसारामनं मला हाक मारली, तशी ही चुलीपासून चटकन वर बघायली. माझ्याकडं बोट करून म्हणाली, "अक्का?" तिच्या कानडी बोलीत बी थोरल्या बहिणीला अक्काच म्हणतात. तेवढा एक शब्द दोन्ही घरचा निघाला. शेपटं तेवढी निराळी. आमी म्हणतो अक्काला, ती म्हणायची अक्कगे. आमचं अक्काचं, तर तिचं अक्कन. माझंच नाव, पण दुसऱ्याचं लुगडं नेसून आल्यासारखं वाटायचं.

बाकी मराठी तिला आली ती कामापुरती. आण, ठेव, वाढ, चल. मनातलं सांगायचे शब्द कुठून आणावे तिनं? मग सगळं ती अक्कातच बसवायची. भूक लागली की बारीक आवाजात, शेवट लांबवून. वासरानं पदर चघळला की हसू दाबत, दोन तुकडे करून. माझं डोकं दुखायलं असलं की जवळ बसून, नुसतं श्वासातल्या श्वासात. अन् एकदा गोठ्यात कडब्याखालून नाग निघाला, तव्हाची हाक येगळीच होती. आखूड, चिरकी, मधीच घशात तुटलेली. मी परातीतलं पीठ तसंच टाकून पळाले. पोरगी भिंतीला चिकटून उभी होती.

शेजारची धुरपताबाई चिडवायची, "छबे, तुमी सासूसुना दिवसभर काय बोलता गं?"

"तुझ्या चुगल्या करतो," मी म्हणायची.

राणीला दिवस गेले. म्हणून आसाराम औंदा एकलाच तोडीला गेला, तिला माझ्यापाशी ठेवून. सरकारी दवाखान्याची आशाताई, सुकेशनी, तपासायला यायची. "कुठं दुखतंय?" विचारलं की राणी माझ्याकडं बघून म्हणायची, "अक्का."

"कंबर दुखायलीय तिची," मी सांगायची.

"कशावरून?"

"म्हणली की आता! कान हायत का न्हाईत तुला?"

राणी मान हालवायची. सुकेशनी कपाळाला हात लावायची.

संक्रांत होऊन गेली अन् एक दिवस सकाळीच तिचा भाऊ दारात. संगं एक अनोळखी माणूस. भावानं हात जोडले, तिच्या पोटाकडं दाखवलं, मग लांब दक्षिणेकडं. मला कळलं, बाळंतपणाला न्यायला आलेत. लय बरं वाटलं. पहिलं बाळंतपण माहेरीच करतात, रीतच हाय. म्हणलं, चला, पोरीला कुणीतरी हाय.

मग ओसरीवर बसून ते भराभरा बोलायले. मधी मधी अक्कन, अक्कगे, माझंच नाव यायचं. माझ्याच ओसरीवर माझ्याबद्दल काय बोलायलेत, मला काय कळंना! राणी एकदोनदा काहीतरी बोलली, अन् रडायली. माहेरचं माणूस बघून बाई रडतेच. मी बी रडले होते की माझ्या येळंला.

तरी जिवाला चैन पडंना. आसारामला फोन लावला, उसाच्या फडात असला की लागतोय कुठं? त्या मधल्या माणसाला लावला, तर बंद. सुकेशनीनं मोबाइलवर भाषा पालटून बघितली. राणीच्या खेड्यातल्या बोलीचं मोबाइलनं भलतंच काढलं. पाणी शिजलंय म्हणे! आता मी न्हाई म्हणावं तर कशापायी, अन् कोणत्या भाषेत?

मी तिची ओटी भरली. गहू, नारळ, खण. राणी वाकून पाया पडली अन् माझा पदर धरला, तो सोडंचना. मी तिचं एकेक बोट सोडवलं. म्हणलं, "येशील गं बाय, लेकरू घेऊन येशील."

गंगाखेडची एसटी लागली होती. ती खिडकीला, भाऊ शेजारी, तो दुसरा मागं. गाडी हालली अन् राणीनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"अक्का!"

मी हात हालवला. हसत, रडत, दोन्ही हात हालवले. गाडी वळणाआड गेली अन् मग ती हाक माझ्या मस्तकात शिरली. आखूड, चिरकी, घशात तुटलेली. अगं माय! नाग निघाला तव्हाची हाक होती ती.

मी पळाले. ह्या पायांनी कुठवर पळणार? लोक मलाच धरून बसवायले, पाणी पाजायले. म्हणायले, सून चालली की सासूला असंच होतं.

सांजंला आसारामचा फोन लागला. आधी म्हणाला, "अक्का, भावासंगं तर गेली, उगं कशाला जीव काढतीस?" मग थोड्या वेळानं म्हणाला, "त्यांचं गाव कोणतं गं?" ते मला बी ठाऊक न्हाई, त्याला बी न्हाई. ज्याला ठाऊक, त्या मेल्याचा फोन अजून बंद हाय.

चौकीत बी जाऊन आले. साहेबानं नीट ऐकून घेतलं, राग न्हाई माझा त्याच्यावर. त्यानं विचारलं, "जाताना ती नक्की काय म्हणाली?"

मी म्हणलं, "अक्का."

"बाई, नाव घेतलं तुमचं. ह्याच्यात मी तक्रार काय लिहून घेऊ?"

कसं सांगू त्याला, तुमीच सांगा. ती मला बोलवायली होती, अन् मी हात हालवून तिला निरोप द्यायले.