उलटी सारवलेली शाळा

गूळ वरून पडला. शाळेच्या उद्घाटनाला आलेल्या प्रत्येकाच्या तळहातावर गुरुजी गुळाचा खडा ठेवत होते. माझ्यापाशी आले, हात उंच धरला आणि खडा सोडला. ओंजळ चुकली. खडा जमिनीवर पडला. खुर्चीवर बसलेले पाटील म्हणाले, "उचल वं, उचल. जमीन तूच त सारवली. तुह्याच हाताची हाय."

लोक हसले. तालुक्याहून आलेले, शाळा तपासणारे दिपोटी साहेबही हसले. मग ते भाषणाला उभे राहिले. शाळा एकट्या मास्तराची नसते, म्हणाले. आईबाप, गाव आणि गुरुजी, तिघांनी मिळून ती चालवायची असते. टाळ्या झाल्या. मी खडा उचलला नाही. मुंग्यांनी नेला असेल.

हे मालेगावजवळच्या आमच्या खेड्यातलं. स्वराज्य येऊन काही वर्षं झाली होती. शाळा गावानं बांधली, असं सगळे सांगतात. ते खरं आहे. पाटलांनी जागा दिली, कुणी छपरासाठी बल्ल्या दिल्या, कुणी बैलगाडी दिली. आमच्या महारपुऱ्यानं हात दिले. नाल्याची माती आम्ही तुडवली. भिंती आम्ही चढवल्या. शेणाचा पहिला हात आमच्या बायकांचा. तेव्हा भिंतीला विटाळ झाला नाही, जमिनीला झाला नाही. शाळा भरली त्या दिवशी विटाळ परत आला. आमची मुलं ओसरीवर बसवली.

माझी कौसी त्यांच्यात होती. पुढच्या वर्षी ती दुसरीत गेली, तरी ओसरीवरच.

मी स्वतः चौथीपर्यंत शिकले आहे, माहेरच्या गावी, अशाच एका ओसरीवर बसून. उघड्या दारातून फळा अर्धा दिसतो. ओळीचा शेवट दिसतो, सुरुवात भिंतीआड. मास्तरांचा आवाज कानावर येईल तेवढ्यावर भागवायचं. कौसीची पाटी मी एका संध्याकाळी हातात घेतली. नुसती शब्दांची शेपटं. मी तिला रागावले नाही. तिची चूक नव्हती.

दुसऱ्या दिवशी गुरुजींना गाठलं. ते वाईट माणूस नव्हते. थकलेले होते. म्हणाले, "बाई, कायदा तुमच्या बाजूनं आहे, मला माहीत आहे. पण मी बदलीवर आलेला. पाटलांच्या घरी राहतो, त्यांच्याच घरी जेवतो. तुम्ही त्यांना विचारा."

पाटलांना विचारलं. ते आंघोळ करत होते. अंगावर पाणी घेता घेता म्हणाले, "शाळा सर्व्याईची हाय. मी नाई म्हनतो काय? पन ज्याची त्याची जागा राह्यते ना बाई. ओसरी काय शाळेच्या बाहीर हाय?"

मी परत आले. आमच्या घरची वर्षाची मजुरी त्यांच्याच शेतात.

शाळेची जमीन मातीची. आठवडाभर मुलांच्या पायांनी ती उकरते, धूळ होते, पिसवा होतात. ती सारवायचं काम महारपुऱ्यातल्या बायकांनी पाळीनं करायचं, असं गावानं ठरवलं होतं. याला ते गावाचा सहभाग म्हणत. सारवणारी बाई समोरच्या भिंतीपासून सुरू करते आणि मागं मागं सरकत दाराशी येते. शेवटचा हात उंबऱ्याशी. काम संपतं तेव्हा ती आपोआप बाहेर असते. ही रीत लहानपणापासून अंगात मुरलेली. तिच्याकडे कधी कोणी लक्ष देत नाही. मीही दिलं नव्हतं.

थंडीचे दिवस होते. सारवायची पाळी माझी होती. शाळा भरायच्या आधी मी शेणाची पाटी घेऊन गेले. कौसीला सोबत नेलं. दारात उभी राहिले आणि डोक्यात आलं. कौसीला म्हटलं, "जाय, फळ्याखाली बस. उठू नको."

मी उंबऱ्यापासून सुरुवात केली. आत आत गेले. हात नेहमीसारखाच चालत होता, फक्त दिशा उलटी. फळ्याखाली पोहोचले तेव्हा आमच्या दोघींच्या आणि दाराच्या मध्ये सगळी ओली जमीन होती. मी कौसीशेजारी बसले. कंबर दुखत होती. हात कोपरापर्यंत शेणाचे.

मुलं जमली. गुरुजी आले आणि उंबऱ्यावर थांबले. मग कोणीतरी पाटलांना बोलावून आणलं. महारपुऱ्यातल्या बायका आपापल्या पोरांना घेऊन आलेल्या, त्या ओसरीच्या कोपऱ्यात उभ्या राहिल्या.

"काहून वं, काय करून राह्यली अंदर?"

"जमीन ओली हाय, पाटील. पाय उमटतीन."

"मंग तू कशी राह्यली अंदर? इतकी वर्सं सारवते, बाहीर निंघाचं समजत नाई तुले?"

"आज उलटं सारवलं."

कोणीतरी म्हणालं, "याडी झाली." मुलं खिदळली. पाटील हसले नाहीत. ते समजले होते. मला बाहेर काढायचं तर ओल्या शेणातून चालत यावं लागणार होतं. आणि आल्यावर मला धरावं लागणार होतं. शिवावं लागणार होतं. पाटलांनी आपल्या गड्याकडे पाहिलं. गड्यानं जमिनीकडे पाहिलं. विटाळाचा मला जन्मात एकदाच उपयोग झाला, तो त्या सकाळी.

मी म्हटलं, "माही पोरगी इथं बसन. इथून अख्खा फळा दिसते. ते नसन जमत त सारवनं बंद. आमच्यातली एकही बाई येनार नाई."

हे मी कोणाला विचारून बोलले नव्हते. बायका पाठीशी आल्या नाहीत तर मी एकटी होते, आणि एकट्या बाईला गाव दोन दिवसांत मोडतं. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. मग माझी जाऊ बोलली. माझं आणि तिचं तेव्हा भांडण होतं, बोलणं बंद होतं.

"माह्यावाला पोट्टाही अंदर बसन," ती म्हणाली. "नाई त घ्या तुमचं शेन अन् करा तुमच्या बायकाईच्या हातानं."

तिच्यामागून एक बोलली, मग दुसरी.

पाटील निघून गेले. जाताना म्हणाले, "पाहतो."

जमीन सुकायला दुपार झाली. गुरुजी तोवर उंबऱ्यावरच उभे होते. मग त्यांनी चपला काढल्या, आत आले, आमच्या शेजारून गेले आणि फळ्यावर लिहायला लागले. मागं वळून आमच्या मुलांना म्हणाले, "या." एवढंच. मी उठून घरी गेले.

पाटलांनी पाहिलं, ते असं. आम्हाला शेतात बोलावणं बंद झालं. निंदणाला, कापूस वेचायला आम्ही दोन कोस लांब शिरपूरच्या बाजूला पायी जातो. अंधारात निघतो. आमची मुलं आत बसली म्हणून काही घरांनी आपली मुलं शाळेतून काढली होती, ती हळूहळू परत आली. आमची मुलं आत आहेत, पण डावीकडच्या भिंतीला वेगळी बसतात. नवरा चिडतो. "फळ्यापायी चूल थंडी केली," म्हणतो. मी ऐकून घेते. चूल त्याच्याइतकी मलाही दिसते. कौसी आता पूर्ण ओळी लिहिते.

परवा शाळा कमिटी नेमली. दिपोटी साहेबांचा हुकूम आहे, शाळेच्या कारभारात पालक हवेत. गावात दवंडी झाली, ती महारपुऱ्यात आली नाही. नावं कळली. सगळी पाटलांच्या गल्लीतली. बाई एकही नाही, आमच्यातलं कोणीच नाही. मी चावडीवर गेले.

पाटील म्हणाले, "पोट्टी अंदर बसली ना तुही? आता आनखी काय पाह्यजे?"

"कमिटीत जागा."

चावडी हसली. एकजण म्हणाला, "घ्या! आता हे आपल्याले शिकवन." मी हसणं संपेपर्यंत उभी राहिले. मग परत फिरले.

मी दमले आहे. हे लपवण्यात अर्थ नाही. रोजचं चालणं, परत येऊन भाकरी थापणं, त्यावर नवऱ्याची कुरकूर. पण दमणं आणि सोडणं वेगळं. कमिटीची बैठक शाळेतच भरणार आहे. मी कोणाला विचारणार नाही. जाऊला सांगितलं आहे, ती येणार. सतरंजी अंथरायच्या आधी आम्ही दोघी जमिनीच्या मधोमध जाऊन बसणार. ज्यांना आमच्यासोबत बसायचं नसेल, त्यांनी ओसरीवर बसावं. तिथून किती दिसतं, ते त्यांनाही कळू दे.