वर कळवणाऱ्या सिस्टर

"थांब, वर कळवू दे."

एका हातात सिरिंज, समोर पेशंटचा उघडा दंड, आणि सिस्टरांचा दुसरा हात हवेत. चौकातला पोलीस गाड्या अडवतो तसा. डोळे मिटलेले, ओठ हलताहेत. मागे रक्ताच्या नळ्यांचा ट्रे घेऊन मी ताटकळत उभा. पारोळ्याच्या एका छोट्या खाजगी दवाखान्यात मी लॅबचं काम करतो, आणि एका जागी उभं राहणं मला जन्मात जमलेलं नाही. आई म्हणते, तुझ्या पायाला भिंगरी आहे.

"प्रभू, ही शेवंताबाई. हिची शीर सापडत नाही. तू केलीस, तूच दाखव. आमेन." आणि लगेच सुई आत.

प्रार्थना करणारं माणूस म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे एक शांत चेहरा येत असेल. तो आधी पुसून टाका. आमच्या सिस्टर चालता चालता प्रार्थना करायच्या, धुसफुसत करायच्या. हातात बेडपॅन असो, चिघळलेली जखम असो, तोंड चालूच. "प्रभू, ह्याला जरा झोप दे, रात्रभर कण्हतोय, ऐकतोयस ना?" रविवारी ड्यूटी नसली की एसटीने धुळ्याच्या चर्चला जायच्या आणि सोमवारी कुरकुरत यायच्या. "तिथं एका जागी बसावं लागतं रे भाऊ. गुडघे धरतात."

एकदा मी वैतागून म्हटलं, "सिस्टर, मनातल्या मनात करा ना. हात तरी मोकळा राहील."

"मनात म्हटलं की मन मध्येच भाजी आणायला जातं," त्या म्हणाल्या.

ह्या 'वर कळवू दे'ने घोळही व्हायचे. आमचे डॉक्टर दवाखान्याच्या वरच्याच मजल्यावर राहतात. सिस्टर 'वर कळवते' म्हणाल्या की नातेवाइकांना वाटायचं, डॉक्टरांना निरोप जातोय. एकदा डॉक्टर बाहेरगावी गेलेले असताना एका पेशंटचा भाऊ तडातडा जिना चढून गेला आणि धापा टाकत खाली आला.

"सिस्टर, वर ते कोनीच नही शे!"

सिस्टर भिंतीला टेकून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "शे रे भाऊ, शे," आहे रे, आहे, एवढंच त्याच्याच अहिराणीत म्हणाल्या आणि त्याच्या भावाची पट्टी बदलायला लागल्या.

त्यांचा एक हट्ट होता. प्रार्थना नाव घेऊनच व्हायची. 'सहा नंबरची खाट' म्हणून देवाला काय बोध होणार, असं त्यांचं म्हणणं. नवा पेशंट आला की त्या आधी नाव विचारायच्या, आजार मागाहून. फक्त एक माणूस ह्या नियमातून सुटला होता, तो म्हणजे त्यांचा नवरा. काका भुसावळला रेल्वेत होते. निवृत्त झाल्यावर बायकोच्या नोकरीच्या गावी येऊन राहिले. रोज दुपारी डबा घेऊन येत, दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसत आणि सिस्टर जेवल्या की रिकामा डबा घेऊन जात. त्यांच्यासाठीही प्रार्थना व्हायची, पण "प्रभू, आमच्या ह्यांचा खोकला बघ" अशी.

"वर सगळ्यांची नावं लागतात, मग काकांचंच कसं 'हे' चालतं?" मी चिडवायचो.

"त्याला ठाऊक आहेत 'हे' कोण ते," म्हणत त्या चक्क लाजायच्या. जुन्या वळणाच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. चर्चला जाणाऱ्या झाल्या म्हणून खानदेशच्या बायकाच ना त्या!

गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी काका डबा घेऊन आले आणि बाकावर टेकता टेकता छाती धरून खाली कोसळले. जनरल वॉर्डात एक खाट मोकळी होती, तिथे त्यांना घेतलं. डॉक्टरांनी हाताशी होतं ते सगळं केलं आणि धुळ्याला न्यायला ॲम्ब्युलन्स बोलावली. ती येईपर्यंत वाट बघण्यावाचून इलाज नव्हता. मी खिडकीपासून दारापर्यंत येरझाऱ्या घालत होतो.

सिस्टरांनी पहिल्या झटक्यात शीर धरली, सलाईन लावलं. मग सवयीने हात वर गेला.

"प्रभू, हे..." त्या थांबल्या. "प्रभू, आमचे हे..." डोळे उघडून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "भाऊ, तू नाव घे रे. माझ्या तोंडून निघत नाही. आज चुकून दुसऱ्या कुणाचं ऐकायला नको त्याने."

"सिस्टर, मी बौद्ध आहे. आमच्यात असं कुणाकडे मागत नाहीत."

"मागू नकोस. नुसतं नाव घे."

मी नाव घेतलं. "शमुवेल." पुढे काय म्हणतात ते मला ठाऊक नव्हतं, म्हणून पुन्हा तेच म्हटलं. "शमुवेलकाका." आता सिस्टरांनी आमेन म्हणायचं. पण त्यांनी तोंडावर हात घट्ट दाबून धरला होता. काकांच्या श्वासाची घरघर तेवढी ऐकू येत होती. शेजारच्या खाटेवर भडगावकडची एक म्हातारी अक्का होती, पायाच्या जखमेसाठी बरेच दिवस पडून असलेली. ती कोपरावर उठली आणि मोठ्याने म्हणाली, "आमनं!"

ॲम्ब्युलन्स आली. सिस्टर काकांबरोबर गेल्या. संध्याकाळी रक्त घ्यायला गेलो तेव्हा मी अक्काला विचारलं, "अक्का, दुपारी काय म्हणालीस गं तू?"

"ती रोज म्हनस ना! बठ्ठास्नं नाव लिसन 'आमनं' म्हनस. आज तिना मालकनी पाळी, मंग आमले म्हननं पडी ना!"

अहिराणीत आमनं म्हणजे आमचं. म्हातारीला इतके दिवस वाटत होतं की ही बाई परक्या माणसाचं नाव घेते आणि म्हणते, हे आमचं आहे. आज तिच्याच नवऱ्याची पाळी, म्हणून आता आपण म्हणायला हवं. मला आधी हसू आलं. मग लॅबचं दार लावून मी रडलो. सांगायला लाज वाटत नाही.

काका धुळ्याहून परत आले नाहीत.

सिस्टर काही दिवसांनी कामावर आल्या. कामात तसूभर फरक नव्हता. पेशंटचं नाव विचारायच्या, दंडाला स्पिरिट लावायच्या, सुई द्यायच्या. हात मात्र वर जात नव्हता. माझी कामं आता झटपट होत होती आणि तेच मला सोसेना. पेशंटही दबक्या आवाजात विचारायचे, सिस्टर आमच्यावर रागावल्या का?

शेवटी मी धीर केला. "सिस्टर, हल्ली वर काही कळवत नाही तुम्ही?"

"बोलणं बंद आहे आमचं," त्या म्हणाल्या. शेजारणीशी नळावरून वाजलंय असं सांगावं, त्या सुरात.

"कुणाचं?"

"त्याचं नि माझं." आणि ट्रे उचलून निघून गेल्या.

ज्याला मी मानत नाही, त्याच्याशी ह्या बाईचं बोलणं सुरू व्हावं म्हणून मी तळमळत होतो. डॉक्टरांना सांगावं तर ते काय करणार? धुळ्याला जाऊन त्यांच्या चर्चच्या पाळकांना गाठावं, असंही मनात आलं. पण सिस्टरांना कळलं असतं तर त्यांनी मला सोलून काढलं असतं. बघता बघता पावसाळा संपला आणि त्यांनी नोकरी सोडली. लेक नाशिकला, तिच्याकडे जायचं ठरलं.

एसटी स्टँडवर पोहोचवायला मी गेलो होतो. त्यांची ट्रंक वर चढवली, त्यांना खिडकीची जागा मिळवून दिली आणि खाली येऊन उभा राहिलो. पाहतो तर सिस्टरांचे ओठ हलत होते.

"काय म्हणालात?" मी ओरडलो.

"तुला नाही रे!"

गाडीच्या पत्र्यावर हात आपटत मी विचारलं, "सिस्टर, काय मागताय?"

"मागते कुठली! भांडतेय!"

आणि तोंड फिरवून त्या पुन्हा सुरू झाल्या. गाडी हलली. शेजारची बाई घाबरून जरा सरकून बसलेली मला दिसली. धुळ्याच्या रस्त्याला गाडी वळेपर्यंत सिस्टर टपाकडे बघून तावातावाने बोलत होत्या, मधूनच बोट नाचवत होत्या.