मोहाची न वेचलेली बाजू

सेक्टर 10 मधल्या आमच्या क्वार्टरच्या मागच्या अंगणात मोहाचं एक जुनं झाड होतं. टाउनशिप वसायच्या आधी इथे शेत असणार आणि हे झाड त्याच्या बांधावरचं, असं बाबा म्हणत. क्वार्टर बाबांच्या नोकरीपुरतं आपलं होतं. झाड मात्र आईने पहिल्या दिवसापासून स्वतःचं मानलं. तिचं माहेर गोंदियाकडचं, घरामागे जंगल. लग्न होऊन भिलाईला आल्यावर ओळखीचं असं फक्त ते झाडच भेटलं, असं ती अजून सांगते.

दर वर्षी होळीच्या सुमारास झाडाखाली पाला साचला की आई त्याला काडी लावायची. जमीन काळी आणि मोकळी झाली की सकाळी पडलेली पिवळसर फुलं लांबून दिसत आणि वेचायला सोपी जात. तिच्या आईने आणि आजीने हेच केलं होतं. पावसाच्या तोंडावर फळं गळली की आतली बी, जिला आम्ही टोरी म्हणतो, तीही आई वेचून तेलाच्या घाण्यावर नेई आणि तेल काढून आणी. एक टोरी मागे राहत नसे. धान कापल्यावर शेतात सरवा वेचून ज्या घराने दिवस काढले, त्या घरातली ती. पडलेला दाणा दिसला की तिचा हात आपसूक जाई.

मी कॉलेजात पाऊल टाकणारी आमच्या घरातली पहिली. विषय भूगोल, पुस्तकं हिंदीत. आमच्या शिकवणाऱ्या बाई सांगत, धडा पाठ करू नका, घरी कुणाला तरी सांगून बघा. त्या एका वाक्याचं माझ्यावर फार मोठं ऋण आहे. संध्याकाळी मागच्या ओट्यावर मी पुस्तक उघडून बसे, आई तांदूळ निवडत असे, बाबा ड्यूटीवरून येऊन पाय पसरून बसत, आणि मी परिसंस्थेचा धडा त्यांना मराठीत सांगे.

वर्षावनाची जमीन खरं तर गरीब असते, हे सांगताना मला स्वतःलाच नवल वाटलं होतं. सगळी श्रीमंती उभ्या झाडांत आणि खाली पडलेल्या पाल्यात. पाला कुजतो, मुळं ते सत्त्व लगेच ओढून घेतात. झाडं तोडून जाळली की दोन-चार पिकांत जमीन थकते. म्हणून तिथे निवडून मोजकी झाडं काढावीत, रोपं जपावीत आणि काही भाग अजिबात न तोडता ठेवावा, असं पुस्तकात होतं.

थंड प्रदेशाचा धडा बाबांना आधी समजला. तिथे खालची जमीन बारा महिने गोठलेली, वरचा पातळ थर तेवढा उन्हाळ्यात वितळतो. झाडोरा इतका हळू वाढतो की गाडीच्या चाकाची खूण पिढीभर पुसली जात नाही. तेलाचे गरम पाइप जमिनीवर टाकले तर जमीन वितळून खचेल, म्हणून ते खांबांवरून नेतात. बाबा पोलादाच्या प्लांटमध्ये फिटर.

"बरोबर करून राहिले ते," बाबा म्हणाले. "गरम पाइपाले स्टँड पाह्यजेच. आमच्या इथं पाइप वाचवाले देतो, तिथं जमीन वाचवाले देत असन."

"अशा जाग्यावर गाडी न्यायचीच कायले?" आई म्हणाली.

"तेल लागते नं. तुले गॅस नाही लागत का?"

आईने तांदळातला खडा काढून टाकला.

बाबांच्या निवृत्तीला तेव्हा दोन वर्षं उरली होती. भिलाईलगतच जुनवानीत लहानसा प्लॉट घेतला होता आणि घर सुरू झालं होतं. क्वार्टर सोडताना आईला या झाडाचं एक रोप बरोबर न्यायचं होतं. बी कुंडीत का लावत नाही, असं मी विचारलं. तिच्या माहेरी मोह कुणी लावत नाही, असं ती म्हणाली. तो आपल्या मनाने येतो आणि आला की जपतात. इतक्या वर्षांत झाडाखाली मात्र एकही रोप आलं नव्हतं, आणि खोडाची आगीकडची बाजू पोकळ होत चालली होती.

माझ्या डोक्यात तेव्हा धडा ताजा होता. आपलं जंगल पानगळीचं, वर्षावन नव्हे, हे ठाऊक होतं. तरी पाला तो पालाच.

"आई, पाला झाडाचं जेवण आहे. तेच तू जाळून राहिली. रोपं पण त्यातच जळतात."

"इतक्या वर्षांत तं उपाशी नाही मेलं," ती म्हणाली. पण त्या वर्षी तिने काडी लावली नाही.

महिनाभर ती पाल्यात हात घालून एकेक फूल शोधत होती. मुंग्या चावत, निम्मी फुलं सडलेली निघत. बाबा मला म्हणाले, "तुह्या भूगोलानं तुह्या मायची कंबर गेली." मी हसले. मनातून मात्र मला जिंकल्यासारखं वाटत होतं.

पाऊस आला. श्रावण गेला. रोप आलं नाही. मी पुन्हा पुस्तक काढून बसले. आई तेलाचा डबा फडताळात ठेवत होती. हात तसाच डब्यावर ठेवून ती थांबली.

"येईन कुठून? टोरी तं सारी मीच उचलली."

सारी तिनेच नाही. तिच्या शेजारी बसून दोन टोपल्या मीही वेचल्या होत्या. आग मला दिसली, कारण ती पुस्तकात होती. आमचे हात पुस्तकात नव्हते.

पुढच्या वर्षी आईने न विचारता झाडाची वाटणी केली. दाराकडच्या बाजूला जुन्या साड्या अंथरल्या. बाबांनी खुंट्या ठोकून कोपरे बांधले. फुलं साडीत पडत, जाळायची गरजच नव्हती. भिंतीकडची बाजू तशीच सोडली. तिकडची टोरी न उचलणं तिला फार जड गेलं. दिसली की ती पायाने वर पाला सारायची. "दिसन तं हात जाईन," म्हणायची.

आषाढात भिंतीकडे चार रोपं आली.

एक आम्ही मातीच्या गोळ्यासकट काढून डब्यात जुनवानीला नेलं. मोहाचं मूळ सरळ खोल जातं; ते आमच्या हातून तुटलं असावं. आठवड्यात रोप सुकलं. बाकीच्या तिन्हींना आईने हात लावू दिला नाही. आता ती रोपं इथेच राहणार होती आणि आम्ही जाणार होतो.

पुढच्या वैशाखात क्वार्टर सोडताना नवं कुटुंब पाहायला आलं. त्यातली बाई राजनांदगावकडची. मागच्या अंगणात डोकावून ती म्हणाली, "पीछे कचरा बहुत है, दीदी. आग लगा देंगे."

आईने तिचा हात धरून तिला झाडाखाली नेलं. "ये बाजू का महुआ तुम्हारा. साड़ी बिछाओ, जितना मिले उठाओ. वो बाजू का मत उठाना. टोरी भी नहीं."

"काबर?" का म्हणून, असं तिने तिच्या छत्तीसगढीत विचारलं.

"उधर बच्चे हैं."

बाई वाकली, पाला सारला, एक रोप पाहिलं आणि पाला होता तसा परत लोटला. आईने साड्या घडी करून तिच्या हातात दिल्या. मी पदवीधर, बाजूला उभी राहून ऐकत होते.

जूनच्या शेवटी त्या बाईने जुनवानीला पिशवीभर ताजी टोरी पाठवली. आईने आधी फोन लावला. "कौन बाजू का है?"

"हमारी बाजू का, दीदी. उधर हाथ नहीं लगाए."

आई पिशवी घेऊन अंगणाच्या कोपऱ्यात गेली आणि तिने ती उलटी केली. मी तिच्याकडे पाहिलं.

"लावली नाही," ती म्हणाली. "सांडली. जाय, कुठून तरी पाला घेऊन ये."

मी टोपली घेऊन निघाले.