पांढरं धरलं का?

प्रधानकाका मातीत हात घालण्याआधी साबणाने हात धुवायचे. नंतर नव्हे, आधी. "आपल्या हातचं काहीबाही त्यांना बाधायला नको," म्हणायचे. 'त्यांना' म्हणजे मातीतल्या सूक्ष्म जिवांना. अंबरनाथच्या एका औषध कंपनीत काकांनी आयुष्यभर एकच काम केलं होतं; बाटलीत एकही जंतू जिवंत नाही ना, हे तपासायचं. निवृत्त झाले आणि बदलापूरला आमच्या इमारतीच्या गच्चीवर जंतूच पाळायला लागले. धास्ती मात्र कंपनीतलीच.

महाबळेश्वरहून आणलेल्या रासबेरीच्या तीन रोपांपैकी दोन रोपं मुळं कुजून मेली होती. तिसऱ्यासाठी काकांनी शेणखतात ट्रायकोडर्मा मुरवला. मुळं कुजवणाऱ्या बुरशीला ही बुरशी खाऊन टाकते. "राखणदार आहे रे तो. पण राखणदाराचीही राखण करावी लागते," असं म्हणत दिवसातून चारदा जिना चढायचे. त्यातच छातीत दुखलं, ऑपरेशन ठरलं, आणि गच्चीची किल्ली माझ्याकडे आली.

तिसऱ्या दिवशी कुंडीत पांढरी लव दिसली आणि माझी पाचावर धारण बसली. हेही रोप गेलं तर काकांना काय तोंड दाखवू? माझी नोकरी उल्हासनगरला. तिथल्या बी-बियाणांच्या दुकानदाराला फोटो दाखवला.

"फंगस है भाई, ये पावडर घोल के डाल दो."

टाकली. लव गेली. जीव भांड्यात पडला.

त्याच संध्याकाळी काकांचा फोन आला. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन होतं.

"पांढरं धरलं का रे मातीवर? धरलं की समज, आपली बुरशी रुजली."

मी म्हणालो, "हो काका, मस्त धरलंय."

"वास कसा येतोय?"

"वास? नाही, काहीच नाही."

"बरं. जेवलास का?"

काका परत आले नाहीत. तेराव्यानंतर मी काकूंना सगळं सांगून टाकलं. त्यांनी फ्रिजमधून, लोणच्याच्या मागून, एक बरणी काढली.

"तुझा फोन ठेवला आणि म्हणाले, औषध टाकून बसलाय. बुरशी जिवंत असती तर वास आला असता. माझ्यासारखाच घाबरट आहे, त्याला बोलू नकोस. माती बदलायला सांग आणि फ्रिजमधलं बुरशीचं विरजण दे."

मला रडू आवरेना.

माती बदलली, विरजण लावलं. रोपाला सध्या चार पानं आहेत. रोज जिना चढताना छाती धडधडते, आणि "काका, जगेल ना हो?" असं विचारायला वर कोणी नसतं.