साडीला चिकटलेलं रान

विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकवत होतो, तेव्हा मुलांना घेऊन मी दरवर्षी रोहिणखेडकडच्या रानात जायचो. परतताना पँटला कुसळं, आघाडा, गोखरू असं काहीबाही चिकटलेलं असायचं. बाकीचे ते झटकून टाकायचे. मी मात्र घरी आलो की एकेक बी सोडवून अंगणातल्या कुंडीत पेरायचो. आपण नक्की कशाकशातून चालत आलो, ते मला उगवलेलं बघायचं असायचं.

बायको कावायची. "लोक गुलाब लावतात. तुम्ही हे काऊन लावून राह्यले?"

"गुलाबाच्या फांदीला गुलाबच येणार," मी खेकसायचो. "त्यात काय बघायचं?"

आता निवृत्त होऊन बुलढाण्यात राहतो. गुडघे गेले, रान सुटलं, कुंडी रिकामी पडली. त्याचा राग मी घरभर काढत असतो.

परवा बायको भावाच्या शेतातून आली. घरात न येता कुंडीपाशी बसली आणि साडीच्या काठाला चिकटलेलं एकेक बी काढून मातीत खोचू लागली. खुर्ची ओढून मी नावं सांगायला तोंड उघडलं, तशी म्हणाली, "आत्ताच सांगू नका. उगवू द्या, मंग पाहू."