रविवारची गोळी अन् शेळ्यांची धार

"ऑस्टिओपोरोसिस आहे तुम्हाला," परभणीचे डॉक्टर म्हणाले. म्हंजी हाडं आतून पोकळ, ठिसूळ होतात. काय बाई ते नाव! शेळीनं दावं हिसकलं, मी पडले, मनगट मोडलं. एवढंच तर झालं होतं. मग डेक्सा केली. यंत्राखाली निजवून हाडं किती भरीव हायत ते बघतात.

गोळी आठवड्यातून एकदाच, रविवारी. "उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्यासोबत. मग अर्धा तास ताठ राहायचं. आडवं व्हायचं नाही, वाकायचं नाही."

आता आमच्या बोरी गावात सकाळच्या पारी कोणती बाई ताठ बसती? शेळ्या ओरडायल्यात. माझ्याबिगर कुणाला कासेला हात लावू देत न्हाईत, असा माझा तोरा. गोळी गिळायची अन् वाकून धार काढायची. छातीत लय आग उठायची. तिसऱ्या रविवारी मी ठरवलं, गोळी गरम पडायली. दुखत तर काहीच न्हाई, मग कशाला घ्यायची? डॉक्टरला इचारलं का? न्हाई. लय शहाणी ना मी!

माझा लेक बालाजी दर महिन्याला परभणीहून गोळ्या आणायचा. "आई, घेतली का?" "घेतली की." गोळ्या ज्वारीच्या डब्यात. दीड वर्ष पोटच्या पोराशी खोटं बोलले. लाज वाटती सांगायला.

मग एकदा अंगणात पाय घसरला अन् खुबा मोडला. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, "गोळी नियमित घेऊनही हाड मोडलं, म्हणजे ती लागू पडली नाही. आता इंजेक्शनं द्यावी लागतील." बालाजी छातीठोकपणे सांगायलाय, "एक रविवार चुकला न्हाई, साहेब."

गप बसले असते तर खपून गेलं असतं. पण खोट्यावर इलाज चालला होता. मी म्हणलं, "गोळ्या ज्वारीच्या डब्यात हायत."

डॉक्टर चिडले. "जळजळ होते हे मला सांगायचं ना! हाड मोडेपर्यंत हा आजार दुखत नाही, म्हणून तर गोळी." बालाजी मात्र चिडला न्हाई. त्याचंच लय लागलं. एवढंच म्हणला, "आई, रविवारची धार मी काढली असती."

बायांनो, गोळी सोसत नसंल तर डॉक्टरला सांगा, डब्याला नका सांगू.

इंजेक्शनं टळली. आता रविवारी तीच गोळी घेऊन मी खुर्चीत ताठ बसते. कुठं जळत न्हाई. समोर बालाजी धार काढतो. शेळ्या लाथा मारतात, निम्मं दूध सांडतं. खुब्यामुळं मला आता वाकता येत न्हाई. आठवड्यातला एक दिवस धार काढ म्हणून त्याला सांगितलं न्हाई, आता सातही दिवस तोच काढतो.